पुराचा विमा : घ्यावा की न घ्यावा?

(वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षावासात या सभागृहात धम्मावर व्याख्याने होतात. त्यात आज विमा हा विषय पाहून काही ज्येष्ठांनी भुवया उंचावल्या, हे आम्ही पाहिले. त्यांच्या समाधानासाठी सुरुवात धम्मापासूनच करतो. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला आपल्या मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यासाठी आणि चौथा भाग आपत्तीच्या वेळी उपयोगी पडावा म्हणून राखून ठेवण्यासाठी. अनाथपिंडिकाला उद्देशून असलेल्या आदिय सुत्तात तर संपत्तीला कोणाकोणापासून धोका असतो त्याची यादीच दिली आहे : अग्नी, पाणी, राजा, चोर आणि नावडता वारस. राजाचे नाव ऐकून ज्यांचा आयकर पगारातूनच कापला जातो ते सभासद हसले, त्यांचे हसणे रास्त आहे. पण आज आपला विषय यादीतला दुसरा, म्हणजे पाणी.

परमपूज्य बाबासाहेबांनीही या दोन्ही गोष्टींचा, पुराचा आणि विम्याचा, विचार केला होता. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री असताना दामोदर नदीच्या पुराचा प्रश्न त्यांच्याकडे होता, आणि त्या खोऱ्याची योजना आखण्याच्या परिषदा त्यांच्याच अध्यक्षतेखाली झाल्या. पुढे १९४७ साली त्यांनी सादर केलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात विमा हा व्यवसाय सरकारच्याच मालकीचा असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मिळकतीच्या मानाने आयुर्विमा सक्तीचा असावा, अशी मागणी आहे. १९५६ साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७२ च्या कायद्याने सर्वसाधारण विम्याचे झाले. सक्ती मात्र कधीच आली नाही. घराचा विमा तर आजही पूर्णपणे ज्याच्या त्याच्या मर्जीवर आहे. म्हणूनच घ्यावा की न घ्यावा हा प्रश्न आपल्या प्रत्येकाच्या दारात उभा राहतो.

आपल्या दारात तो इतरांपेक्षा थोडा जास्तच उभा आहे. नदीकाठच्या गावात आपली जुनी वस्ती कुठे असते, हे येथे कोणाला सांगायला नको. गावठाण उंचवट्यावर आणि आपला वाडा उताराला, ओढ्याच्या किंवा नदीच्या अंगाला. ती जागा आपण निवडलेली नव्हती. १९५६ नंतर आपण पुष्कळ काही बदलले, पण जमिनीची उंची बदलता आली नाही. पाणी चढू लागले की आधी आपल्या उंबऱ्याला लागते आणि उतरताना सर्वांत शेवटी आपल्या अंगणातून जाते.

सांगलीला कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ मोजतात. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. २००५ साली पाणी ५० फुटांच्या वर गेले, तेव्हा वडीलधारे म्हणाले, असा पूर आता आपल्या हयातीत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैमध्ये, पुन्हा ५० च्या पुढे. त्याच जुलैत तिकडे वाशिष्ठीने चिपळूण बुडवले. सोळा वर्षांत तीन मोठे पूर. ‘शंभर वर्षांतून एकदा’ हा शब्द आता नदीकाठच्या माणसाने तोंडातून काढून टाकावा, असे आमचे मत झाले आहे.

आता विम्याकडे येऊ. आम्ही बँकेच्या काउंटरवर बसतो, त्यामुळे लोकांचे गैरसमज रोज कानावर येतात. सर्वांत मोठा गैरसमज असा की, “माझा विमा आहे, बँक दरवर्षी खात्यातून पैसे कापते.” हे कापले जाणारे २० रुपये प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे असतात आणि ४३६ रुपये जीवनज्योती योजनेचे. पहिली अपघातासाठी, दुसरी मृत्यूसाठी. दोन्ही चांगल्या आहेत, जरूर चालू ठेवा. पण घराची भिंत पडली तर या दोन्हींतून एक पैसाही मिळत नाही.

दुसरा गैरसमज गृहकर्ज घेतलेल्यांचा. कर्जाच्या वेळी विम्याच्या नावाने मोठी रक्कम भरलेली असते. ती बहुतेक वेळा कर्जदाराच्या आयुष्याच्या विम्याची असते : कर्जदार दगावला तर कर्ज फिटते. घराच्या इमारतीचा विमा वेगळा असतो. तो असलाच तर पुष्कळदा कर्जाच्या रकमेपुरताच असतो, आणि भरपाईवर पहिला हक्क बँकेचा राहतो. तेव्हा आज घरी गेल्यावर ट्रंकेतला तो कागद काढा आणि त्यावर नेमके कोणाचे नाव आणि कशाचा विमा लिहिला आहे ते वाचा. विद्यार्थ्यांनी आपल्या आई-वडिलांना तो वाचून दाखवावा. आमच्या भाषणापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

पूर्वी घराच्या आगीच्या पॉलिसीत वादळ-पुराचा भाग हवा तर वगळता येत असे आणि तेवढा हप्ता कमी होई. पैसे वाचतात म्हणून लोक तो वगळायला सांगत. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारख्या अटींची पॉलिसी देणे बंधनकारक केले. तिच्यात आग, भूकंप, वीज, वादळ, पूर, दरड कोसळणे हे सर्व एकत्रच आहे, पूर वेगळा मागावा लागत नाही. दुसऱ्या नावाची पॉलिसी कोणी पुढे केली, तर तिच्यात ‘पूर व जलमय होणे’ हे शब्द आहेत की नाहीत, एवढे आधी विचारावे.

या पॉलिसीत जमिनीची किंमत धरत नाहीत, कारण जमीन वाहून जात नाही. घराचे चटईक्षेत्र गुणिले आज तेवढे बांधायला येणारा खर्च, ही विम्याची रक्कम. समजा, ५०० चौरस फुटांचे घर आहे आणि बांधकामाला फुटाला १,५०० रुपये लागतात, तर रक्कम झाली साडेसात लाख. इमारतीचा विमा काढला की तिच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, घरसामानाचा विमा आपोआप मिळतो. म्हणजे या उदाहरणात दीड लाखाचे सामान : कपाट, गादी, फ्रीज, टीव्ही, भांडीकुंडी. भाड्याने राहणाऱ्याला फक्त सामानाचा विमा घेता येतो. हे पुष्कळांना ठाऊकच नाही.

काय येत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण एजंट ते सांगत नाही. रोख पैसे येत नाहीत. दागिने वेगळे मागून घेतले तरच येतात. मोटारसायकल येत नाही. तिच्या विम्यातही केवळ कायद्याने सक्तीचा असलेला भाग असेल, तर पुराची भरपाई नाही. वर्षानुवर्षे गळणारे छप्पर आणि ओल धरलेली भिंत येत नाही. आणि आपल्या भगिनींसाठी महत्त्वाचे : घरात शिवणकामाचा धंदा असेल, पापड-मसाल्याचा माल साठवला असेल, तर तो घरसामानात मोजत नाहीत. त्यासाठी लहान उद्योगांची वेगळी पॉलिसी आहे. भिंती किंवा छप्पर बांबूचे, गवताचे, ताडपत्रीचे असेल तर त्याला कच्चे बांधकाम म्हणतात. ते अर्जात जसेच्या तसे लिहावे आणि कंपनीचे उत्तर लेखी घ्यावे. अर्जात खोटे लिहून काढलेला विमा म्हणजे हप्ता भरून विकत घेतलेला वाद.

आता खरा प्रश्न. घ्यावा का?

आपल्या लोकांची अडचण आम्हाला समजते. आपल्याला एलआयसीची सवय आहे. तिथे वीस वर्षांनी पैसे परत मिळतात. इथे पूर आला नाही तर हप्ता गेला. “फुकट गेला,” असे म्हणतात. पण सोसायटीचा रखवालदार वर्षभर जागला आणि चोरी झाली नाही, म्हणून त्याचा पगार फुकट गेला असे कोणी म्हणत नाही.

हिशेब असा मांडावा. आपल्या भिंतीवर पाण्याची खूण आहे का? असेल तर जमिनीपासून किती फुटांवर? गेल्या वीस वर्षांत किती वेळा? समजा, तळमजल्याच्या घरात वीस वर्षांत दोनदा पाणी शिरले आणि दर वेळी लाखाचे नुकसान झाले. म्हणजे वर्षाला सरासरी १० हजार रुपये आपण नदीला देतच आहोत. हप्ता याच्या एका लहानशा भागाइतका बसत असेल तर विचार करण्यासारखे काही उरत नाही, घ्यावा. प्रत्येक कंपनीचा दर वेगळा असतो, म्हणून निदान तिघांकडून लेखी आकडा घ्यावा. बँक विमा विकते तेव्हा तिला कमिशन मिळते, हे आम्ही बँकेत नोकरी करूनही सांगतो. ज्या बँकेत खाते आहे तिथूनच विमा घ्यावा, असे बंधन नाही.

याउलट ज्याचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, नदीपासून लांब उंच भागात आहे, आणि वस्तीत कधीच पाणी आलेले नाही, त्याने केवळ पुराच्या भीतीने विमा घेऊ नये. त्याने आग आणि भूकंपाचा विचार करून घ्यावा, ते कारण त्याला पुरेसे आहे. सगळ्यांनी सगळे घ्यावे असे सांगायला आम्ही आलेलो नाही. ज्या घरात मुलांच्या फीचे पैसे भरायचे राहिले आहेत, तिथे आधी फी.

परंतु ज्याचे घर खाली आहे, आणि एका पुराने ज्याला सावकाराच्या दारात जावे लागेल, त्याला विम्याची गरज सर्वांत जास्त. आणि नेमका तोच म्हणतो, मला परवडत नाही. पुरानंतर पाच टक्के महिना व्याजाने पैसे काढणारे लोक आम्ही काउंटरवरून पाहतो. पन्नास हजारांना महिना अडीच हजार व्याज. त्याच्यासमोर वर्षाचा हप्ता ठेवून पाहावा.

“सरकार देतेच की,” असेही म्हटले जाते. देते, आणि दिलेच पाहिजे, तो आपला हक्क आहे. २०१९ साली तातडीची मदत ग्रामीण भागात कुटुंबाला १० हजार आणि शहरी भागात १५ हजार होती. २०२१ साली पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख जाहीर झाले. आज दीड लाखात दोन खोल्या उभ्या राहतात का, ते गवंडीकाम करणाऱ्या आपल्या बांधवांनीच सांगावे. विमा घेतला म्हणून मदत मागायची नाही असेही नाही. पंचनामा करून घ्यावा, दोन्हीकडे अर्ज करावा.

काही कार्यकर्त्यांनी सुचवले की, कंपनीला पैसे देण्यापेक्षा संस्थेनेच पूरनिधी का काढू नये? भावना चांगली आहे. आजारपण, मयत, लग्न यांसाठी असा निधी चालतो, कारण ती वेळ एका वेळी एकाच घरावर येते. पूर मात्र सर्व सभासदांच्या घरात एकाच रात्री शिरतो. त्या दिवशी निधीतून मागणारे शंभर आणि देणारा कोणी नाही. विमा कंपनीचे तसे नसते. तिच्याकडे आसामचा हप्ता असतो, चेन्नईचा असतो आणि ज्याने कधी पूर पाहिला नाही त्या माळावरच्या गावाचाही असतो. संस्थेचा निधी वेगळ्या कामाला लावावा : ज्या विधवा भगिनी, ज्या वृद्ध जोडप्यांना हप्ता जड जातो त्यांचा अर्धा हप्ता भरायला. कार्यकारिणीने याचा विचार करावा, ही आमची सूचना या सभेतच नोंदवतो.

भरपाई मिळवण्याविषयी थोडे. पाणी ओसरल्यावर माणसाचा हात आधी झाडूकडे जातो. आधी फोटो काढावेत : भिंतीवरची पाण्याची रेघ, भिजलेले सामान, फ्रीजच्या मागची पट्टी. कंपनीला त्याच दिवशी कळवावे आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. सर्व्हेअर येईपर्यंत भिजलेले सामान भंगारवाल्याला देऊ नये. वास येतो म्हणून लोक देऊन टाकतात आणि पुरावा जातो. कंपनीकडे आधी लेखी तक्रार करावी, आणि तिने ती नाकारली किंवा महिनाभर उत्तर दिले नाही, तर विमा लोकपालाकडे तक्रार करता येते. तिथे फी नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतच्या दाव्यांचा निवाडा होतो. मात्र नाकारल्यापासून एक वर्षाच्या आत जावे लागते.

एक बंधू आम्हाला म्हणाले, तथागतांनी सर्व अनित्य आहे असे सांगितले, मग घराची एवढी काळजी कशाला? आम्ही त्यांना एवढेच विचारले की, घर अनित्य आहे हे मान्य, पण पुरानंतर घेतलेले कर्ज अनित्य आहे का? ते हसले आणि पॉलिसीचा फॉर्म घेऊन गेले. भरला की नाही, ठाऊक नाही.

पाणी पुलाला लागल्यावर विमा काढायला गेलात तर कोणी दारात उभे करणार नाही. तेव्हा नवी पॉलिसी उन्हाळ्यातच, मे महिन्याच्या आत घ्यावी. विद्यार्थी मित्रांना एक काम देतो. वस्तीतील प्रत्येक घराच्या भिंतीवरची २०१९ आणि २०२१ ची पाण्याची खूण टेपने मोजून वहीत लिहून ठेवा, घरमालकाच्या नावासह. रंगरंगोटीत त्या खुणा पुसल्या जात आहेत. ग्रामपंचायतीच्या नमुना आठचा उतारा किंवा शहरात मिळकत पत्रिका ज्यांच्याकडे नाही, त्यांचीही यादी करा. ती वही घेऊन येत्या रविवारी सकाळी दहा वाजता विहारात या. आम्ही अर्ज भरून द्यायला तिथे बसलेले असू.