बाबासाहेबांनी कामगारांना सांगितलेली चार पुस्तके

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही काही विद्वान नाही. मिलमध्ये तीन पाळ्यांत आयुष्य गेलेला कामगार. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि लोकलमध्ये जास्त झाले. हातात पुस्तक, पिशवीत वीरकरांची डिक्शनरी. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. ती निघाली तेव्हा आपल्या पणजोबांच्या हातात पाटीसुद्धा आली नव्हती. आज आपल्या विहारात स्वतःचे पुस्तकांचे कपाट आहे. त्या कपाटाबद्दलच बोलायचे आहे.

१७ सप्टेंबर १९४३ रोजी दिल्लीला कामगार कार्यकर्त्यांचे अभ्यास शिबीर संपले. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. महायुद्ध चालू होते, हिटलर अजून जिवंत होता. समोर कामगार बसलेले. पगार, भत्ता, बोनस यांवर टाळ्या मिळाल्या असत्या. पण बाबासाहेबांनी खडसावले, की कामगारवर्ग राज्यकारभारावरचे वाचत नाही, जुन्या राजाराणीच्या खोट्या गोष्टींत रमतो. आणि त्यांनी चार पुस्तकांची नावे सांगितली. रूसोचा 'सामाजिक करार', मार्क्सचा 'कम्युनिस्ट जाहीरनामा', पोप तेरावे लिओ यांचे कामगारांच्या स्थितीवरचे पत्रक आणि जॉन स्टुअर्ट मिलचे 'स्वातंत्र्य'.

आता ही यादी नीट बघा. हे चौघे एका पंक्तीला बसणारे नाहीत! मार्क्स खासगी मालमत्ता मोडायला निघालेला, तर पोप १८९१ साली लिहितात की मालमत्ता हा माणसाचा हक्क आहे. मार्क्स धर्माला अफू म्हणणारा, पोप तर धर्मपीठावरच बसलेले. रूसो सर्वांच्या सामाईक इच्छेला मोठे मानतो, मिल एकट्या माणसाची बाजू घेतो. बाबासाहेबांना हे माहीत नव्हते का? चांगले माहीत होते. एकच पुस्तक सांगितले असते तर आपण त्याची पोथी केली असती. चार दिली, म्हणजे डोके आपल्यालाच चालवावे लागते.

रूसो घड्याळजीचा पोरगा, शाळेत न शिकलेला. १७६२ साली त्याने लिहिले की राज्य लोकांच्या संमतीवर उभे असते, देवाच्या मर्जीवर नव्हे. किती मोठी गोष्ट! पण सामाईक इच्छा मोडणाऱ्याला सक्तीने स्वतंत्र करावे, असेही तोच म्हणतो. पुढे फ्रान्समध्ये १७९३-९४ साली जनतेच्या नावाने माणसांची मुंडकी उडाली, तेव्हा ती उडवणारे रूसोचेच नाव घेत होते.

मार्क्सचा १८४८ चा जाहीरनामा वाचला तेव्हा आम्हांला मिल कळली. मालक कोण, घाम कुणाचा, नफा कुणाचा, सगळे कळले. पण कामगारांच्या नावाने चालणारे राज्य कामगाराचे तोंड बंद करू लागले तर काय? पोलंडमध्ये १९८० साली गदान्स्कच्या गोदी कामगारांनी 'सॉलिडॅरिटी' ही युनियन काढली. सभासद एक कोटीच्या घरात गेले. तिथल्या कम्युनिस्ट सरकारने १३ डिसेंबर १९८१ ला लष्करी कायदा लावला आणि पुढाऱ्यांना पकडले. त्यानंतर महिन्याभराने, १८ जानेवारी १९८२ ला, आपल्या मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. इकडे मालकशाही, तिकडे कामगारांचे म्हणवणारे राज्य. कामगार दोन्हीकडे चिरडला गेला.

म्हणूनच २० नोव्हेंबर १९५६ ला काठमांडूला बाबासाहेब बुद्ध आणि मार्क्स यांच्यावर बोलले. गरिबांचे दुःख दूर करायचे हे ध्येय त्यांना मान्य होते. पण बळजोरी आणि हुकूमशाही त्यांना मान्य नव्हती. माणूस बदलायचा तर त्याचे मन बदला, हा बुद्धाचा मार्ग त्यांनी पुढे ठेवला.

पोपचे पत्रक आपल्याला परके वाटेल. पण मजुराला साधेपणाने जगता येईल एवढे वेतन मिळाले पाहिजे, संघटना करण्याचा त्याला हक्क आहे, हे त्यात आहे. विरोधकाच्या पुस्तकातूनसुद्धा आपल्या कामाचे घेता येते.

आणि चौथा मिल, १८५९ चा. तो म्हणतो, सगळे जग एका बाजूला आणि एकटा माणूस दुसऱ्या बाजूला असला, तरी त्या एकट्याचे तोंड बंद करण्याचा जगाला अधिकार नाही. आणि जुलूम फक्त सरकार करते असे नाही, समाजही करतो. हे आपल्याला समजावून सांगायला नको. गावाने पाणी तोडले, वाळीत टाकले, ते काय सरकारी हुकुमाने होते? महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा व्हायला २०१६ साल उजाडले.

२५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी याच मिलचा दाखला दिला. कितीही थोर माणूस असो, आपले स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नका. राजकारणातली भक्ती शेवटी हुकूमशाहीकडे नेते. पुढे २५ जून १९७५ ला आणीबाणी आली, ती १९७७ च्या मार्चपर्यंत राहिली. देशाला तो इशारा तेव्हा आठवला.

आजही डोंबिवलीहून सुटणाऱ्या गर्दीच्या लोकलमध्ये ऐकू येते, "या देशाला एखादा हिटलरच पाहिजे." बोलणारा दुष्ट नसतो. कंत्राटावर राबणारा, महागाईने पिचलेला असतो. इटली, जर्मनीत लोकशाही का कोसळली, हे १९४३ च्या त्याच भाषणात सांगितले आहे. तिने स्वातंत्र्य दिले, पण समतेकडे पाहिले नाही. उपाशी माणूस स्वातंत्र्य स्वस्तात विकतो. म्हणून पोटाची लढाई आणि स्वातंत्र्याची लढाई वेगळ्या काढू नका.

आता थोडे घरातले. मागे एका वस्तीत वर्षावासाचे ग्रंथवाचन चालू होते. एका मुलाने विचारले, "बाबासाहेबांचे हे मत आज आपल्याला पटले नाही तर?" एक पुढारी कडाडले, "बाबासाहेबांपेक्षा शहाणा झालास का?" मुलगा खाली मान घालून गेला. पुन्हा आला नाही. बंधूंनो, त्या दिवशी बाबासाहेबांचा मान वाढला का? कालामांना बुद्धांनी सांगितले, की परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू बोलतो म्हणून मानू नका. बुद्धांनी आपल्यामागे वारस नेमला नाही, धम्मालाच शास्ता मानायला सांगितले. भिक्खू संघात ठराव मांडला जाई, गणपूर्ती पाहिली जाई, शलाका वाटून मत घेतले जाई. बाबासाहेबांनी घटना समितीला याचीच आठवण दिली होती. ज्या संघात अडीच हजार वर्षांपूर्वी मत मोजले गेले, त्याच्या विहारात प्रश्नाला बंदी?

समितीपुढे आमचे तीन ठराव आहेत. एक, ही चार पुस्तके कपाटात बाबासाहेबांच्या खंडांशेजारी ठेवावीत. ज्यांना इंग्रजी येते त्यांनी वाचून इतरांना मराठीत सांगावे. दोन, दर रविवारी वंदनेनंतर तासभर वाचन व्हावे आणि वाचणाऱ्याने आधी विरोधकाची बाजू मांडावी, ती विरोधकाला पटेल अशी. तीन, प्रश्न विचारणाऱ्याला कुणी खाली बसवू नये, वयाने लहान असला तरी.

कुणाला हे ठराव पटले नसतील तर त्यांनी आत्ताच उठून बोलावे. आम्ही खाली बसून ऐकू.

नमो बुद्धाय. जयभीम.