छोट्या टेम्पोचा मोठा विमा



टेंभुर्णी हे जालना जिल्ह्यातील जाफराबाद तालुक्याचे गाव. अशा गावातील कापूस आणि सोयाबीन बाजारात नेण्याचे काम कर्जावर घेतलेल्या छोट्या मालवाहू गाड्या करतात. गाडीचा मालक बहुधा स्वतःच चालक असतो. मागे माल असतो आणि मालावर हमाल बसलेले असतात. या मालकाला भांडवलदार म्हणणे हास्यास्पद ठरेल. तथापि त्याच्या चाकाखाली कुणी सापडला, तर कायदा त्याला जबाबदार मालक म्हणूनच ओळखतो. म्हणून मालवाहू गाडीच्या विम्याचा प्रश्न केवळ कागदपत्रांचा प्रश्न मानता येत नाही.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १४६ व्या कलमानुसार त्रयस्थ पक्षाचा, म्हणजे व्यवहारात ज्याला ‘थर्ड पार्टी’ म्हणतात तो विमा असल्याशिवाय कोणतेही वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. विम्याविना गाडी चालविल्यास पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास चार हजार रुपये दंड, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने झाली. ही सक्ती मुळात न्याय्य आहे. रस्त्याच्या कडेने चालणारा शेतमजूर गाडी बाळगत नाही. गाडीचा धोका मात्र त्याच्या वाट्याला येतो. त्याच्या कुटुंबाची भरपाई टेम्पोवाल्याच्या ऐपतीवर अवलंबून राहू नये, यासाठीच ही सक्ती आहे. विमा म्हणजे सरकारने लादलेला आणखी एक कर, असा प्रचार जे करतात ते या मजुराचा विचार करीत नाहीत.

परंतु तत्त्व न्याय्य असले, तरी त्याचा भार न्यायाने वाटला जातो काय? १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीचा त्रयस्थ विम्याचा वार्षिक हप्ता १६,०४९ रुपये ठरविण्यात आला, तर चाळीस हजार किलोंहून अधिक भाराच्या गाडीचा ४४,२४२ रुपये. ज्याला लोक ‘छोटा हत्ती’ म्हणतात, तो मालासकट दोन टनांच्या आत असतो. तरी त्याला साडेसात टनांच्या ट्रकाइतकेच पैसे भरावे लागतात. अवजड ट्रकाचा भार त्याच्या वीसपटीहून अधिक, हप्ता मात्र पावणेतीन पट. मोठ्या गाड्या अधिक फिरतात आणि त्यांचे अपघात अधिक भीषण असतात, हे ध्यानी घेतले म्हणजे या विभागणीतील विषमता उघड होते. शिवाय ही रक्कम एकरकमी भरावयाची असते. पीक हाती येण्यापूर्वीच्या महिन्यांत, भाडे मिळत नसताना मुदत संपली, की गाडी विम्याविना धावू लागते. अपघातही नेमका त्याच दिवसांत होऊ शकतो.

दुसरा धोका कागदातील अटींत दडलेला आहे. हप्ता भरला म्हणजे गाडीतील सर्वांना संरक्षण मिळाले, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती खरी नाही. चालक आणि गाडीवरील नोकर यांना कामगार भरपाईच्या कायद्यापुरते संरक्षण आहे. मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांचा समावेश १९९४ च्या दुरुस्तीने झाला. परंतु बाजाराला निघालेल्या बायका, लग्नाचे वऱ्हाड, दुसऱ्याच्या शेतावर जाणारे मजूर हे मालवाहू गाडीत बसले, तर ते विम्याच्या कक्षेबाहेर राहतात. अशा प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली आशा राणी प्रकरणात स्पष्ट केले. भरपाईचा बोजा मग टेम्पोवाल्यावर येतो आणि त्याच्याकडे काही नसल्यास मृताच्या घरी केवळ निकालाची प्रत पोहोचते. गरिबाने गरिबाला गाडीत घेतले, याची शिक्षा दोघांनाही होते. गावात पुरेशी एस. टी. नसल्यामुळे माणसे मालाच्या गाडीत चढतात, ही वस्तुस्थिती मात्र विम्याच्या कागदावर कुठेही नोंदली जात नाही.

परवान्याच्या बाबतीत थोडा दिलासा मिळाला आहे. चालकाच्या परवान्यात उणीव असल्यास कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि ती मालकाकडून वसूल करावी, हा मार्ग स्वर्ण सिंग प्रकरणात २००४ साली न्यायालयाने मान्य केला. मात्र हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला साडेसात हजार किलोपर्यंतचे वाहतूक वाहन चालविता येते, असा निर्वाळा घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्याने छोट्या गाडीवाल्यांवरील वसुलीचे एक कारण दूर झाले.

मग मागणी कोणती असावी? १९७२ च्या कायद्याने सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७३ पासून चार सरकारी कंपन्या उभ्या राहिल्या. १९९९ च्या कायद्यानंतर खासगी कंपन्यांना पुन्हा दार उघडले. सक्ती सरकारची आणि व्यवसाय नफ्याचा, अशी ही जोडी आहे. १९३९ च्या कायद्यात प्रवासी वाहनांच्या मालकांच्या सहकारी संस्थांना विमेदाराचे काम करू देण्याची तरतूद होती. १९८८ च्या कायद्यात ती उरली नाही. सरकार व एस. टी. यांना मात्र स्वतःचा निधी उभारून विम्यातून सूट मिळविण्याची मुभा १४६ व्या कलमातच आहे. एस. टी.ला जे शक्य आहे, ते सरकारी देखरेखीखाली छोट्या गाडीवाल्यांच्या सहकारी संघाला अशक्य का मानावे? साखर आणि सूत सहकाराने चालविणाऱ्या महाराष्ट्राने हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

तोवर मागण्या स्पष्ट आहेत. दोन टनांच्या आतील गाड्यांसाठी वेगळा, कमी दर असावा. हप्ता तिमाही भरता यावा. अटींचा सारांश मराठीत मिळावा. कार्यकर्त्यांनी गावोगाव टेम्पोवाले आणि हमाल यांची एकत्र बैठक घ्यावी. विम्याची मुदत, चालकाचा परवाना आणि गाडीवरील नोकरांची नोंद तपासून द्यावी. आज दोघे परस्परांकडे मालक आणि मजूर म्हणून पाहतात. अपघातानंतर ते न्यायाधिकरणात एकमेकांविरुद्ध उभे राहण्याऐवजी, अपघातापूर्वी एका मागणीमागे उभे राहावेत, यातच संघटनेचे सामर्थ्य आहे.