दिल्ली ते लेह : किती लांब?

सुट्ट्या जवळ आल्या की मला एक ठरलेला फोन येतो. “साहेब, दिल्लीहून लेहला विमानाला किती वेळ लागतो?” मी सांगतो, सव्वा ते दीड तास. पुढचा प्रश्नही ठरलेला. “म्हणजे सकाळी उतरलो की दुपारी खारदुंग ला उरकता येईल ना?”

आधी नकाशा उघडा. दिल्ली आणि लेह, दोन्ही साधारण ७७ रेखांशावर. लेह जवळजवळ थेट उत्तरेला, सरळ रेषेत सुमारे ६२० किलोमीटर. मनालीमार्गे रस्त्याने हजाराच्या आसपास. विमानं बहुतेक सकाळचीच, कारण दुपारी खोऱ्यात वारा सुटतो आणि तापलेली विरळ हवा विमानाला पुरेसं उचलून धरत नाही. २४ मे १९४८ ला एअर कमोडोर मेहर सिंग यांनी तिथे पहिलं डकोटा उतरवलं, सोबत जनरल थिमय्या होते. काय छाती असेल!

पण आपल्याला भोवतं ते उभं अंतर. दिल्लीचा विमानतळ समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्याही खाली, लेहचा ३,२५६ मीटरवर. तीन किलोमीटरची चढण तुम्ही खुर्चीत बसून चढता. गंमत अशी, की उडत्या विमानात आतला दाब फार तर आठ हजार फुटांवर असतो तेवढा ठेवतात, आणि लेह साडेदहा हजारांच्या वर. म्हणजे आकाशात श्वास सोपा, जमिनीवर जड.

फौजेत ९ ते १२ हजार फुटांसाठी सहा दिवस ठेवतात. पहिले दोन नुसती विश्रांती, मग हळूहळू चालणं. त्याहून वर जायचं तर पुढच्या प्रत्येक टप्प्याला आणखी चार दिवस. रजा लांबली असेल तर जुन्या माणसालाही पहिल्यापासून.

माझा एक नाईक होता, सातारकडचा. तिथला मुरलेला गडी. दीड महिन्याची रजा संपवून विमानाने आला. कंपनी वर निघाली होती, मागे राहायचं नव्हतं, म्हणून डोकेदुखी लपवली. दुसऱ्या रात्री शेजारच्या खाटेवरच्या जवानाने मला उठवलं. गडी बसून धापा टाकत होता, आडवं होता येईना, खोकल्यातून गुलाबी फेस. फुप्फुसात पाणी. रात्रभर ऑक्सिजनवर ठेवला आणि पहाटेच्या विमानाने चंडीगडला खाली पाठवला. वाचला. त्या रात्री शेजारी गाढ झोपला असता तर मला त्याच्या घरी पत्र लिहावं लागलं असतं.

परवाच्या फोनवाल्या गृहस्थांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, “पण साहेब, माझ्याकडे चारच दिवस आहेत. आईही सोबत आहे, सत्तरीची.”

म्हटलं, मग यंदा मनालीला जा.