केनियातील एक वर्ष : ताली कशा टिकतात?

मी कृषी विस्तार अधिकारी. मध्यंतरी एक वर्ष स्वयंसेवक म्हणून पूर्व आफ्रिकेतील केनिया देशात राहून आलो. आल्यापासून गावोगावची मंडळी विचारतात, "साहेब, तिकडं नवीन काय पाहिलंत? कुठलं यंत्र आहे?" त्याचं उत्तर आज देतो. पण यंत्राचं नव्हे, कुदळ-फावड्याच्या कामाचं सांगणार आहे.

मी राहिलो तो भाग मकुएनीचा. राजधानी नैरोबीच्या आग्नेयेला. वस्ती कांबा लोकांची. जमीन उताराची, माती तांबूस, पाऊस बेभरवशाचा. माणदेशातल्या माणसाला तिथं परकं वाटणार नाही. पाऊस वर्षातून दोनदा येतो : मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. दुसऱ्याला 'छोटा पाऊस' म्हणतात, पण शेतकऱ्याची भिस्त त्याच्यावरच जास्त. त्या पावसावर मक्यात तूर पेरतात. मका आधी निघतो, तूर पुढच्या ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत शेतात उभी असते. तुरीला तिकडं 'म्बाझी' म्हणतात. ओले दाणे सोलून मक्याबरोबर शिजवतात. तिथली तूर आपल्या देशातही विकायला येते.

आता मुद्द्याचं. 1930 च्या सुमारास हा मुलूख उजाड होत चालला होता. उतारावरची माती पावसागणिक वाहून जायची. इंग्रज सरकारनं उपाय केला तो सक्तीचा. 1938 साली लोकांची जनावरं जप्त करून विकायला काढली, तेव्हा हजारो कांबा लोक नैरोबीत जाऊन धरणं धरून बसले. दुसऱ्या महायुद्धानंतर ताली घालण्याची सक्ती झाली. लोकांनी नाइलाजानं काम केलं, पण मनात राग राहिला. 1963 साली देश स्वतंत्र झाला आणि सक्तीच्या कामाकडे लोकांनी पाठ फिरवली.

पुढं काय झालं, ते ऐकण्यासारखं आहे. त्याच लोकांनी नंतर स्वखुशीनं ताली घातल्या. आपल्याकडे जशी इरजिक असते, तशी त्यांची 'म्वेथ्या' असते. दहा-वीस घरं एकत्र येतात. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. गटात बायाच जास्त. 1930 ते 1990 या साठ वर्षांत त्या वेळच्या मचाकोस जिल्ह्याची लोकसंख्या पाचपटीहून वाढली. मकुएनी तेव्हा त्याच जिल्ह्यात होतं. माणसं वाढली, तरी जमिनीची धूप पूर्वीपेक्षा कमी झाली. ज्यानं ताल घातली, तोच ती राखत होता, हे त्यामागचं एक मोठं कारण.

त्यांच्या तालीला 'फान्या जू' म्हणतात, म्हणजे 'माती वर टाका'. मी गटाबरोबर हे काम केलं, म्हणून रीत सांगतो.

1. उताराला आडवी समपातळीची रेषा आखा. सारख्या उंचीच्या दोन काठ्या, त्यांना बांधलेली दोरी आणि दोरीच्या मधोमध टांगायची पाणसळ, एवढं पुरतं. उतार जास्त, तितकं दोन तालींतलं अंतर कमी.

2. रेषेवर दोन फूट रुंद, दोन फूट खोल चर खणा. माती चराच्या वरच्या अंगाला टाकून बांध करा. चर आणि बांध यांच्यामध्ये अर्धा फूट जागा मोकळी सोडा, म्हणजे माती परत चरात ढासळणार नाही.

3. बांधावर लगेच गवत लावा. आपल्याकडे पवना, मारवेल किंवा वाळा चालेल. जनावरांना वैरण होते आणि बांधही धरला जातो.

4. चरात ओल टिकते. तिथं ते लोक केळी, पपई लावतात.

5. पाऊस संपला की चरात आलेला गाळ पुन्हा बांधावर चढवा. हे काम दरसाल करायचं. ते चुकलं, तर ताल गेली समजा.

तुम्ही म्हणाल, आपण सलग समतल चरात माती खाली टाकतो, मग ही वर कशाला? वरून येणारं पाणी बांधाला अडतं आणि गाळ बांधाच्या आत बसतो. पाच-सहा वर्षांत दोन बांधांमधला पट्टा हळूहळू सपाट होत जातो. माती वर फेकायला कष्ट जास्त पडतात खरे, पण पुढं पायऱ्यांची शेती आपोआप तयार होते.

मात्र हे सगळीकडे करू नका. खोल काळ्या रानात पाणी तुंबून पीक पिवळं पडतं, बांधाला भेगा जातात. हात-दीड हातावर खडक लागत असेल, तर एवढा चर निघणार नाही. वरच्या माळावरून लोंढा येत असेल, तर आधी तो बाजूला काढा. हलक्या-मध्यम, उताराच्या जमिनीत मात्र जरूर करून पाहा.

वर्षभरात मनात एक गोष्ट पक्की झाली. स्वयंसेवक येतो, वर्षानं निघून जातो. त्याच्या जाण्यानं काम थांबलं, तर ते काम गावाचं नव्हतंच. मी निघालो त्या आठवड्यातही गट ठरल्या दिवशी ठरलेल्या रानात हजर होता. आपल्याकडेही सरकारी योजनेतून, दुष्काळी कामातून बांध झाले. त्यातले किती फुटले आणि किती जणांनी स्वतः बुजवले, हे आपापल्या शिवारात फिरून मोजा. बांध कुणीही घातलेला असो, त्याच्यामागची माती तुमची आहे, आणि ती गेली तर कुठल्याच योजनेतून परत मिळत नाही.

तेव्हा येत्या उन्हाळ्यात पाच-सात घरांनी इरजिक करा. पहिल्या वर्षी एकेका रानात एकच ताल घाला. आखणीला अडचण आली तर गावच्या कृषी कर्मचाऱ्याला बोलवा, तो पाणसळ धरायला येईल. कुदळ मात्र तुमचीच हवी.