फिरतें घर आणि डिझेलची गाळणी



पांढरकवड्याहून हैदराबादेकडे निघालेला राजमार्ग टिपेश्वरच्या अरण्याजवळून जातो. सेवानिवृत्तीनंतर मीं हौसेनें घेतलेलें जुनें डिझेलचें फिरतें घर ऐन तिन्हीसांजेस तेथेंच बंद पडलें. कुटुंब आंत, बाहेर वाघांचा मुलूख! टाकींत डिझेल पुष्कळ होतें. तुंबली होती ती गाळणी.

ती शोधावयाची कोठें? माझें आयुष्य खडूफळ्यांत गेलेलें. एरवीं ती डिझेल ओढणारा पंप व तें फवारणारा पंप यांच्या दरम्यान असते. टाकीपासून नळीचा माग काढीत गेलों, तेव्हां आसनामागील कपाटाच्या फळीआड सांपडली. सुतारानें ती झांकूनच टाकली होती!

नवी घेतांना तोंडवळ्यावर भुलूं नये. आटे जुळले तरी आंतील कागदाचीं छिद्रें मोठीं असूं शकतात. फवारणाऱ्या पंपांतील फट अवघी दोन-चार सहस्रांश मिलिमीटर. धुळीचा कण तेथें कानशीचें काम करतो. म्हणून गाळणी गाडीच्या नांवावरून नव्हे, इंजिनाच्या क्रमांकावरून मागावी. जुन्या गाडींत इंजिन बदललेलेंही असतें. तळाशीं बूच असलेली मिळाल्यास उत्तम. पाणी डिझेलहून जड, तें तळीं बसतें व बूच उघडतांच निघून जातें.

सुदैवानें जवळ एक नवी गाळणी होती. ती बसविली, तरी इंजिन ढिम्म! नळींत हवा शिरली होती. वरचा स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारला. इंजिन धडधडलें, तेव्हां कुटुंबानें आंतून विचारलें, “आतां चहा ठेवूं का?”