पोटातली पहिली चाहूल

वांगणीहून सकाळी लोकल पकडणाऱ्या ताईला पाचव्या महिन्यात वाटतं, पोटात गॅस झालाय. गाडीच्या हिसक्यांत नीट कळतही नाही. रात्री जेवून कुशीवर आडवी झाली की पुन्हा तेच. आतून बुडबुडा फुटावा, मासोळीनं शेपूट हलवावी तसं. हीच बाळाची पहिली हालचाल.

पहिलटकरणीला ती साधारण 18 ते 20 आठवड्यांत कळते, दुसऱ्या खेपेला 16 व्या आठवड्यातही. वार पोटाच्या पुढच्या बाजूला असेल तर थोडा उशीर होतो. मात्र 24 आठवडे झाले तरी काहीच जाणवलं नाही, तर डॉक्टरांना दाखवाच.

28 आठवड्यांनंतर बाळाची रोजची लय ओळखून ठेवा. डाव्या कुशीवर शांत पडून बोटांच्या पेरांवर हालचाली मोजा. दोन तासांत दहा व्हायला हव्यात. वांगणीत अनेक दृष्टिहीन कुटुंबं राहतात. त्या घरातल्या आईलाही ही मोजणी कुणाच्या मदतीशिवाय जमते, आणि मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

“दिवस भरत आले की बाळ शांत होतं,” असं घरातली मोठी माणसं मायेनं सांगतात. ते खरं नाही. हालचाल मंदावली, तर सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय किंवा जवळचं प्रसूतिगृह गाठा. गाडी नसेल, तर 108 ला फोन करा.