होकार एकाला होता



पोलीस ठाण्यातल्या टेबलावर मोबाइल पालथा पडलेला असतो. तो उचलून दाखवायला मुलीचा हात धजत नाही. शेजारी वडील मान खाली घालून बसलेले. आणि समोरून पहिला प्रश्न येतो, “मुळात फोटो काढूच कशाला दिलास?”

हा प्रश्नच चुकीचा आहे, आणि तसं कायद्यातच लिहून ठेवलेलं आहे. २०१३ साली भारतीय दंडविधानात ३५४ सी हे कलम आलं. आता भारतीय न्याय संहितेत ते ७७ वं कलम आहे. बाईने खासगी फोटो काढायला संमती दिली, पण तो इतरांना दाखवायला दिली नाही, तर पसरवणारा गुन्हेगार ठरतो. होकार एकाला होता, गावाला नव्हता. पहिल्या गुन्ह्याला १ ते ३ वर्षं कैद, पुन्हा केल्यास ३ ते ७.

पश्चिम बंगालमध्ये तमलुकच्या न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये असा एक निकाल दिला. संबंध तुटल्यावर इंजिनिअरिंगच्या एका विद्यार्थ्याने तरुणीची चित्रफीत अश्लील संकेतस्थळावर टाकली होती, तीही तिचं आणि तिच्या वडिलांचं नाव देऊन. त्याला ५ वर्षांची शिक्षा झाली. भरपाई देताना तिला बलात्कारपीडितेसारखं मानावं, असंही न्यायालयाने सरकारला सांगितलं. अंगाला हात न लावता केलेली जखम किती खोल असते, हे तिथे कुणीतरी ओळखलं.

पण खटल्याला महिने लागतात, फोटो मिनिटांत फिरतो. म्हणून २०२१ च्या नियमांनी समाजमाध्यमांना तक्रारीनंतर २४ तासांत असं चित्र हटवणं बंधनकारक केलं. चेहरा चिकटवून बनवलेली खोटी चित्रंही त्यात आली. तरी तेच चित्र नव्या ठिकाणी उगवायचं आणि तिनेच ते रोज शोधायचं! एप्रिल २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शोधयंत्रांना बजावलं, की दर वेळी नवी लिंक तिच्याकडे मागू नका.

एक उणीव सलते. ७७ वं कलम फक्त स्त्रियांसाठी आहे. मुलग्याच्या खासगी अवयवांचं चित्र पसरवलं, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ ई कलम लागतं. पण लाजेपायी तो ठाण्याची पायरीच चढत नाही.

घरचे घाबरून आधी सगळं पुसायला लावतात, आणि तिथेच पुरावा जातो. स्क्रीनशॉट, लिंक, तारीख, वेळ जपून ठेवावी. हद्द आमची नाही असं ऐकवलं, तर ‘झिरो एफआयआर’ मागावा. तो कुठल्याही ठाण्यात नोंदवून घ्यावाच लागतो.